घटिकापात्र आणि आमचा टायमर

लीलावतीची आख्यायिका आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेली असेल. भास्कराचार्यांनीं कन्येच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र पाण्यावर सोडलें. कन्या कुतूहलानें त्यांत डोकावली. तिच्या वस्त्रावरील एक मोती निसटून पात्रांत पडला आणि नेमका तळाच्या छिद्रावर जाऊन बसला. पाणी आंत येईना, पात्र बुडेना; आणि मुहूर्त टळून गेला तरी मंडळी पात्राकडे दृष्टि लावून स्वस्थ बसलेली! फैजीनें १५८७ सालीं लीलावतीचें जें फारसी भाषांतर केलें, त्यांत ही कथा आली आहे. ती खरी किती आणि रचलेली किती, हें इतिहासज्ञ जाणोत. आमच्या मनांत मात्र लहानपणापासून एक शंका घर करून होती. एवढा मोठा ज्योतिर्विद, त्यानें एकदां मान वर करून सूर्याकडे पाहिलें कसें नाहीं? ह्या शंकेचें उत्तर आम्हांस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, आमच्याच घरांत मिळालें. तें कसें, हेंच आज सांगावयाचें आहे.

आमचें कुटुंब साताऱ्यास राहतें. जुनें घर आहे, मध्यें चौक आहे, आणि लहानमोठीं मिळून अकरा माणसें एका चुलीवर जेवतात. सर्वांत वडील आमच्या आत्याबाई. त्यांनीं नव्वदी ओलांडली आहे. त्यांच्या खालोखाल आमचे थोरले बंधु दादा. आम्ही स्वतः हिशेबतपासणीच्या नोकरींतून निवृत्त झालों, त्यास आतां दहा वर्षें होतील. दुसऱ्यांच्या बेरजांतील चुका शोधून काढण्यांत आमचा जन्म गेला. त्यामुळें आपली बेरीज चुकणार नाहीं अशी एक घमेंड मनाच्या कोपऱ्यांत होती. ती येथें आधींच कबूल केलेली बरी.

गेल्या माघांत दादांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. परंतु पुढें डोळ्यांत औषध घालण्याचें मोठें वेळापत्रक मागें लागलें. एका औषधाचा थेंब सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत दर दोन तासांनीं. दुसऱ्याचा दिवसांतून चार वेळां. आणि दोन्ही एकाच वेळीं आले तर मध्यें पांच मिनिटें थांबावयाचें, नाहीं तर पहिलें औषध दुसऱ्याबरोबर वाहून जातें. हें सारें वहिनींनीं आपल्याकडे घेतलें. उशाशीं जुनें गजराचें घड्याळ, भिंतीवरील दिनदर्शिकेवर पेन्सिलीच्या खुणा, आणि जीव सदैव घड्याळाच्या कांट्यावर. पहिल्या आठवड्यांत त्या दुपारीं एक दिवसही पाठ टेकूं शकल्या नाहींत. त्यांचें वय बहात्तर. त्यांची ती ओढ आम्हांस पाहवेना.

एके रात्रीं आमची नात, म्हणजे पुतण्याची मुलगी, वय वर्षें बारा, म्हणाली, "आबा, आपण वहिनीआजीला टायमर करून देऊं या कीं!"

ह्या मुलीस शाळेंत स्क्रॅच नांवाची प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत शिकविली आहे. अमेरिकेंतील एम. आय. टी. ह्या संस्थेच्या मीडिया लॅबनें ती २००७ सालीं मुलांसाठीं जगापुढें ठेविली, आणि २०१९ च्या जानेवारींत तिची जी तिसरी आवृत्ति निघाली ती थेट ब्राउझरमध्येंच चालते. निराळें कांहीं बसवावें लागत नाहीं. त्यांत अक्षरें न लिहितां रंगीत ठोकळे एकास एक जोडावयाचे असतात. 'एक सेकंद थांब' असा एक ठोकळा आहे. 'टायमर दहाच्या पुढें गेला कीं हें कर' असाही एक आहे. ह्या दुसऱ्या जातीच्या ठोकळ्यास घटना म्हणावयाचें. बटण दाबलें ही जशी एक घटना, तशी ठरलेली वेळ भरली हीही एक घटनाच; आणि घटना घडली म्हणजे तिच्याखालीं जोडलेलें काम आपोआप सुरू व्हावयाचें. हें ऐकून आम्ही चकित झालों. काळ पुरा होणें ही 'घटना' मानावी, ही कल्पना आमच्या घटिकापात्रवाल्यांस परकी वाटली नसती. पात्र बुडालें, झांज वाजली, घटना घडली!

परंतु आमच्या कामास ठोकळे पुरे पडेनात, म्हणून दोघांनीं जावास्क्रिप्टकडे मोर्चा वळविला. ही भाषा नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक ह्या गृहस्थांनीं १९९५ सालीं अवघ्या दहा दिवसांत प्रथम उभी केली; आज जगांतील प्रत्येक ब्राउझरला ती समजते. वेळेसाठीं तींत मुख्यतः दोन आज्ञा आहेत. सेटटाइमआउट म्हणजे 'इतका वेळ गेल्यावर हें एकदां कर'. आणि सेटइंटरव्हल म्हणजे 'इतक्या इतक्या अंतरानें हें करीत राहा'. वेळ सांगावयाचा तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत. आमच्या पूर्वजांनीं अहोरात्राच्या साठ घटिका केल्या, घटिकेचीं साठ पळें केलीं. तें पळ चोवीस सेकंदांचें. ह्या हिशेबानें एका घटिकेचे मिलिसेकंद १४,४०,००० होतात, असें आम्हीं कागदावर मांडून नातीस दाखविलें, तेव्हां तिनें आमच्याकडे फार दिवसांनीं आदरानें पाहिलें.

आमची रचना सोपी होती. दोन तासांचे सेकंद ७,२००. तेवढा आंकडा एका जागीं ठेवावयाचा. दर सेकंदास त्यांतून एक वजा करावयाचा. शून्य झाला कीं घंटा वाजवावयाची. हिशेबतपासनिसास ह्याहून चोख काय पाहिजे? दहा मिनिटांचा प्रयोग चहाच्या वेळीं करून पाहिला. आम्ही दोघें पडद्यासमोर बसून आंकडे उतरतांना पाहत होतों. घंटा बिनचूक वाजली. आम्हीं टाळ्या पिटल्या आणि दुसऱ्या दिवशीं वहिनींस म्हणालों, "वहिनी, आजपासून तुम्ही निश्चिंत. तें घड्याळ आतां कपाटांत ठेवा."

पहिला फटका त्याच दिवशीं बसला, पण तो हंसण्यावारी गेला. वहिनींनीं 'सुरू' हें बटण दाबलें. कांहीं झाल्याचें चटकन दिसेना, म्हणून पुन्हां दाबलें. झालें! दोन तासांची घंटा तासाभरांतच वाजली. कारण प्रत्येक दाबण्यासरशीं एक नवा टायमर जन्मास आला होता, आणि दोघेही एकाच आंकड्यांतून प्रत्येकीं एक वजा करीत होते. एकाच मडक्यास दोन भोकें पडल्यावर तें दुप्पट वेगानें रिकामें होणारच. त्यास उपाय असा कीं, सेटइंटरव्हल दर वेळीं एक क्रमांक परत देतें; धोबी कपड्यांची पावती देतो तसा. तो जपून ठेवावा, आणि नवा टायमर लावण्यापूर्वीं तो क्रमांक क्लिअरइंटरव्हलच्या स्वाधीन करून जुना बंद करावा. आम्हीं पावती फेंकून दिली होती! चूक दुरुस्त केली, आणि घमेंड कमी होण्याऐवजीं वाढली. चूक सांपडली म्हणजे आतां दुसरी उरली नाहीं, असा जो समज होतो, तो हिशेबखात्यांत आम्ही दुसऱ्यांच्या ठिकाणीं शेंकडों वेळां पाहिला होता.

चार दिवस बरे गेले. लॅपटॉप माजघरांत उघडा असे आणि त्यावर आमचेंच पान समोर असे. पांचव्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां थेंब घालून वहिनींनीं बटण दाबलें, आणि कितीतरी दिवसांनीं त्या आंतल्या खोलींत जाऊन निजल्या. आम्ही पेढीवर गेलों होतों. धाकट्या सुनेनें आपल्या कचेरीचें कांहीं काम त्याच लॅपटॉपवर काढलें. तिनें आमचें पान बंद केलें नाहीं, फक्त त्यावर दुसरें उघडलें. तिची ह्यांत तिळमात्र चूक नाहीं.

बारा वाजून गेले. घंटा झाली नाहीं. दादा स्वभावानें मितभाषी. आपणहून आठवण करून देणें म्हणजे कोणास त्रास देणें, असें त्यांना वाटतें. त्यांनीं मानलें, यंत्र सांगेल तेव्हां होईल. वहिनी गाढ निजलेल्या. यंत्र आहे म्हणून त्यांना कोणी उठविलें नाहीं. आम्ही घरीं परतलों तेव्हां आत्याबाई चौकाच्या पायरीशीं वाती वळीत बसल्या होत्या. वर न पाहतां त्या म्हणाल्या, "अरे, ऊन दुसऱ्या पायरीवरून उतरलें. दादाच्या डोळ्यांत औषध घातलें का?"

आम्ही धांवत माजघरांत गेलों आणि मागील पान पुढें आणलें. भिंतीवरील घड्याळांत एक वाजला होता. दहापासून पुरे तीन तास लोटले होते. आणि आमच्या पडद्यावर काय दिसावें? अद्यापि एक तास बावन्न मिनिटें शिल्लक! आमच्या डोळ्यांदेखत तो आंकडा पुन्हां निरागसपणें एकेका सेकंदानें उतरूं लागला, जणूं मध्यंतरीं कांहीं घडलेंच नव्हतें.

डॉक्टरांना तत्काळ फोन केला. त्यांनीं शांतपणें सांगितलें कीं, आठवलें त्या क्षणीं थेंब घाला आणि पुढें नेहमीप्रमाणें चालूं ठेवा. एका खेपेनें बिघडत नाहीं, मात्र वारंवार होऊं देऊं नका. जीव भांड्यांत पडला. पण वहिनी उठून बाहेर आल्या, त्यांना सारें कळलें, आणि त्या आम्हांस एक अक्षरही बोलल्या नाहींत. त्यांनीं कपाट उघडलें, घड्याळ काढलें, त्यास किल्ली दिली आणि पुन्हां उशाशीं नेऊन ठेविलें. त्या किल्लीचा कर्रकर्र आवाज आमच्या कानांत अजून आहे. नात कोपऱ्यांत उभी राहून मुसमुसत होती. तिला वाटत होतें कीं चूक तिची. चूक आमची होती. मुलीनें खेळणें केलें होतें. त्यावर औषध सोंपविलें तें आम्हीं.

त्या रात्रीं आम्हीं दोघांनीं बसून ह्या प्रकरणाची चौकशी केली. जें हातीं लागलें तें आमच्यासारख्या इतरांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देतों.

पहिली गोष्ट अशी कीं, टायमर हा शब्द पाळणारा नोकर आहे, पण त्याचा शब्द आपण समजतों तो नव्हे. 'दहा मिनिटांनीं कर' असें आपण म्हणतों. त्याचा अर्थ तो 'दहा मिनिटांपूर्वीं करणार नाहीं' एवढाच घेतो. मागाहून किती वेळानें, ह्याची हमी त्यानें दिलेलीच नसते. ह्याचें कारण पंगतीच्या दृष्टांतानें समजेल. ब्राउझरमधील एका पानास सामान्यतः एकच वाढपी असतो. बटण दाबलें, अक्षर उमटवावयाचें आहे, टायमर भरला, अशीं सर्व कामें रांगेनें उभीं राहतात आणि तो एकेक काम पुरें करून पुढच्याकडे वळतो. आमटीचें भांडें घेऊन तो पंगतीच्या दुसऱ्या टोकास गेला असेल, तर इकडे ताकाची वेळ झाली म्हणून तो आमटी टाकून धांवत येत नाहीं. ठरलेली वेळ भरली म्हणजे टायमरचें काम रांगेंत उभें राहतें; तें होतें मात्र त्याची पाळी आल्यावर.

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची. जें पान कोणी पाहत नाहीं, त्याच्या टायमरांचा वेग ब्राउझर मुद्दाम कमी करतात. २०११ च्या सुमारासच मागें गेलेल्या पानाचे टायमर सेकंदास एकदांहून अधिक चालूं द्यावयाचे नाहींत, अशी रीत पडली. पुढें २०२१ पासून एका मोठ्या ब्राउझरनें नियम आणखी कडक केला: पान पांच मिनिटांहून अधिक वेळ दृष्टीआड असलें, त्यांतून आवाज येत नसला, आणि टायमर पुन्हां पुन्हां स्वतःस लावून घेणारा असला, तर त्यास मिनिटास एकदांच जागें करावयाचें. ह्यांत दुष्टावा कांहीं नाहीं. लोक पन्नास पन्नास पानें उघडीं टाकून विसरतात. तीं सारीं टिकटिक करीत राहिलीं तर विजेची बॅटरी पाहतां पाहतां संपेल. रिकाम्या खोलींतील दिवा मालविणाऱ्या काटकसरी गृहिणीसारखेंच तें वर्तन आहे.

आतां आमचा हिशेब पाहा. पहिल्या पांच मिनिटांत सेकंदास एक ह्याप्रमाणें ३०० वजा झाले. पुढील १७५ मिनिटांत मिनिटास एक ह्याप्रमाणें फक्त १७५. एकूण ४७५. सात हजार दोनशेंतून ते वजा जातां ६,७२५ उरले, म्हणजे एक तास बावन्न मिनिटें पांच सेकंद. पडद्यावर नेमकें तेंच होतें! बेरीज चुकली नव्हती, वजाबाकी चुकली नव्हती. चुकलें होतें तें एवढेंच कीं, आम्ही काळ मोजीत नव्हतों. यंत्र किती वेळां जागें झालें तें मोजीत होतों आणि त्यालाच काळ समजत होतों. मोती छिद्रावर बसला होता.

सकाळीं आम्ही आत्याबाईंजवळ जाऊन बसलों आणि विचारलें, "तुम्हीं आयुष्यभर घड्याळावांचून स्वयंपाक केलात. वेळ मोजीत होतां कशी?"

त्या म्हणाल्या, "तोंडानें स्तोत्र चाले. इतक्या आवर्तनांत भात, इतक्यांत वरण. पण मध्येंच कोणी हांक मारली, मूल रडलें, कीं आवर्तन तुटे. म्हणून माझ्या सासूबाईंनीं सांगून ठेवलें होतें कीं, मोजणीवर विसंबूं नये. मोजतां मोजतां पायरीवरच्या उन्हाकडे पाहावें. मोजणी आपली असते रे, ऊन आपलें नसतें."

आमच्या चाळीस वर्षांच्या हिशेबतपासणीचें सार ह्या दोन वाक्यांत होतें. वहीची पडताळणी त्याच वहीनें करावयाची नाहीं, बाहेरच्या कागदानें करावयाची, हें आम्हीं शिकाऊ कारकुनांस किती वेळां सांगितलें असेल! आणि आपली वही लिहितांना तेंच विसरलों.

मग रचना बदलली. आतां बटण दाबतांच आमचें पान यंत्रांतील घड्याळास विचारतें, 'किती वाजले?' हें घड्याळ १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच येथील मध्यरात्रीपासून लोटलेले मिलिसेकंद सांगतें. त्यांत दोन तासांचे ७२,००,००० मिळवून जो आंकडा येतो, ती थेंबाची वेळ म्हणून लिहून ठेवावयाची. पुढें प्रत्येक टिकटिकीस वजाबाकी करावयाची नाहीं. फक्त घड्याळाकडे पाहून 'वेळ झाली का?' एवढेंच विचारावयाचें. टिकटिक सेकंदास एकदां येवो कीं मिनिटास एकदां, उत्तर खरेंच येणार; फार तर एका मिनिटाचा उशीर. पान दृष्टीआड गेलें किंवा पुन्हां समोर आलें हीही एक घटनाच असते. ती घडली कीं लगेच पुन्हां उन्हाकडे पाहावें, असेंही जोडलें. नातीनें त्या ओळीस नांव दिलें 'पायरी'.

ह्या उद्योगांत आणखी एक गंमत कळली. नातीचा वाढदिवस बरोबर तीस दिवसांवर होता. तिनें तेवढ्या मुदतीचा एक टायमर हौसेनें लावला, आणि तो लावतांक्षणींच वाजला! कारण मुदतीचा आंकडा ठेवण्याची जी जागा आहे, तींत २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंदांहून मोठी संख्या मावत नाहीं. म्हणजे चोवीस दिवस, वीस तास, एकतीस मिनिटें आणि वर कांहीं सेकंद. त्यापलीकडची संख्या उलटून ऋण होते, आणि ऋण मुदत म्हणजे 'आत्तांच'. मुलीस वाटलें, वाढदिवस अलीकडे आला. आम्हांस वाटलें, लोभाचा घडा भरला कीं उपडा होतो, तें असें!

नवें पान आठ दिवस वहिनींच्या घड्याळाच्या जोडीनें चालविलें. दोघांत एका मिनिटाहून अधिक अंतर एकदांही पडलें नाहीं. तरीही आम्हीं वहिनींस 'घड्याळ कपाटांत ठेवा' असें पुन्हां म्हटलें नाहीं. लॅपटॉप मिटला कीं त्यांतील सारे टायमर निजतात. तेथें कोणतीही युक्ति चालत नाहीं. हें आम्हीं त्यांना आधींच सांगितलें, आणि एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून लॅपटॉपपाशीं लावलें. वहिनींनीं तो कागद वाचला, किंचित् हंसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशीं यंत्र चुकलें ह्याचा मला राग नव्हता. मी निजलें आणि घरांत कोणीच जागें नव्हतें, ह्याचें वाईट वाटलें."

लीलावतीच्या मांडवांतील शंकेचें उत्तर आम्हांस ह्या वाक्यांत मिळालें. भास्कराचार्यांस सूर्य पाहतां येत नव्हता असें नव्हे; पात्र ठेवलें आहे, म्हणून कोणी पाहिलें नाहीं. पूर्वीं घटिकापात्राजवळ एक माणूस बसविलेला असे. पात्र बुडालें कीं तो तें उचली, रिकामें करी, पुन्हां पाण्यावर सोडी. पात्र वेळ मोजी. जागरण तो माणूस करी. आम्हीं यंत्र आणलें आणि त्या माणसास उठवून दिलें.

दादांचा डोळा आतां स्वच्छ झाला असून ते सकाळचें वर्तमानपत्र चष्म्यावांचून वाचतात. थेंब बंद झाले. पान तेवढें राहिलें आहे. कोणी डाळ शिजत लावतांना तें उघडतें. घंटा वाजली कीं नात स्वयंपाकघराकडे जातांना चौकाच्या पायरीवर एक नजर टाकते. तिला तसें कोणीं सांगितलेलें नाहीं.